दुरून चुली साजऱ्या

घरोघरी मातीच्या चुली, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हणी करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण ही म्हण ज्यानं केली तो पुरुष होता आणि ओसरीवर बसलेला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईनं म्हण केली असती तर ती 'घरोघरी खोकल्याच्या उबळी' अशी काहीतरी झाली असती. पण चुलीपुढच्या माणसाला म्हणी करायला सवड नसते. एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात फुंकणी आणि डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत साहित्यनिर्मिती होत नाही. साहित्याला डोळ्यांतलं पाणी चालतं, पण ते आतून यावं लागतं.

आता तर ती म्हणही उलटली आहे. घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्या आणि मातीच्या चुली घरातून उठून हमरस्त्यावर जाऊन बसल्या. सोलापूरहून निघून तुळजापूर, धाराशिव, येडशी असं वर बीडकडे जायला लागा. थोड्या थोड्या वेळानं एकेक पाटी तुम्हांला हात करील : 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', 'अस्सल गावरान, चुलीवरचं'. आमच्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात नावाजलेली. जन्मभर माळावरचा पाला खाल्ला तो शेवटी कुणाच्या तरी पाटीवर चुलीशेजारी बसण्यासाठी, हे तिला आधी कळलं असतं तर तिनं पालासुद्धा सोडला असता. मध्यंतरी एका पाटीवर 'चुलीवरचा चहा' वाचला. 'चुलीवरचं आईस्क्रीम' अजून दिसलेलं नाही, पण मी रस्त्यावर लक्ष ठेवून आहे. 2023 मध्ये उस्मानाबादचं सरकारी नाव धाराशिव झालं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, गाड्यांच्या पाट्या बदलल्या. चुलीच्या पाट्या मात्र होत्या तशाच राहिल्या. उलट चार वाढल्या.

या पाट्यांविरुद्ध मला जाहीर फिर्याद गुदरायची आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गोरोबाकाकांच्या तेरच्या पंचक्रोशीत राहून मातीला नावं ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. माझं भांडण मातीशी नाही, चुलीशी नाही आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईशी तर मुळीच नाही. माझं भांडण धुराशी आहे, आणि त्याहून जास्त, धुरापासून वीस फुटांवर बसून धुराचं कौतुक करणाऱ्या मंडळींशी आहे.

मला धूर सोसत नाही. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला मेहुणा सोसत नाही, तसा मला धूर. शंभर पानांची पंगत बसलेली असावी, मी मधोमध कुठंतरी दडून बसावं, तरी धूर वळणं घेत घेत बरोब्बर माझ्या पानाशी येऊन थांबतो. त्याला माझा पत्ता पाठ आहे. मी जागा बदलली की वारा बदलतो. आधी नाक चुरचुरतं, मग डोळे, आणि मग छातीत कुणीतरी बाजाच्या पेटीचा भाता ओढतंय असा आवाज सुरू होतो. फक्त सूर लागत नाही. लग्नघरात आचाऱ्याच्या भट्टीवरून नुसता गेलो तरी लोक मला मुलीचा बाप समजून धीर देतात. स्मशानात तर माझ्याइतकं कुणीच रडत नाही. त्यामुळे दूरच्या दूरच्या नातेवाइकांत माझ्याविषयी फार चांगलं मत आहे.

घरच्यांनी मात्र याला 'नाजूकपणा' असं नाव ठेवलं. आमच्या भागात माणसाला ऊन सोसलं पाहिजे, पाणीटंचाई सोसली पाहिजे, अवेळी आलेला पाहुणा सोसला पाहिजे. तिथं धूर सोसत नाही म्हणणारा पोरगा म्हणजे घराण्याला लागलेली कीडच. आमचे थोरले काका तंबाखू मळत म्हणायचे, "आरं, धुरानं कधी माणूस मरतंय व्हय?" काकांचा हा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा. उत्तर पुढं येणार आहे.

आता पाट्यांकडे वळू. आमचे साडू पुण्याला असतात. वर्षातून एकदा ते सहकुटुंब तुळजाभवानीच्या दर्शनाला येतात आणि दर्शन उरकलं की त्यांना चुलीवरचं लागतं. मागच्या खेपेला त्यांनी मला बरोबर घेतलं. गाडीतून उतरताच त्यांनी छाती फुगवली.

"अहो, काय तो सुगंध!"

"कसला?" मी रुमालातून विचारलं.

"धुराचा! पुण्यात मिळेल का हा?"

पुण्यातही धूर मिळतो, फक्त तो गाडीच्या मागून निघतो. पण पाहुण्याशी, त्यातून साडूशी, वाद घालू नये म्हणून गप्प राहिलो. साडू बाजेवर बसले. डोक्यावर पंखा, हातात कांदा, समोर लिंबाची सावली. चूल कुठं होती? मागं, पत्र्याच्या शेडात. तीन बाजूंनी पत्रे, चौथ्या बाजूला सरपणाचा ढीग. मी त्या दिशेला डोकावलो. एक मावशी पदराचं टोक दातांत धरून बसल्या होत्या. एक भाकरी तव्यावर, एक जाळापुढे उभी, एक हातावर आणि एक, माझ्या अंदाजानं, डोक्यात.

"मावशी, सकाळधरनं किती झाल्या?"

"मोजायला याळ कुणाला हाय दादा? आयतवारी दोनशाच्या वर जात्यात."

"मग घरीही चुलीवरच करता का?"

मावशी तोंडातला पदर सोडून हसल्या. "घरी गॅस हाय की! दिसभर हितं बसून घरी बी ह्येच करू व्हय? मरायचंय का मला?"

हे संभाषण मी जसंच्या तसं साडूंच्या कानावर घातलं. ते एक घास गिळून म्हणाले, "पण काहीही म्हणा, बाईच्या हाताला चव आहे." चव होती, मलाही कबूल आहे. पण तो हात संध्याकाळी बाईबरोबर घरी जातो आणि तिथं गॅसवर भाकरी भाजतो. तेव्हा चव हाताची असेल तर धूर कशाला, आणि धुराची असेल तर हाताचं नाव कशाला? साडूंनी यावर उत्तर म्हणून आणखी एक भाकरी मागवली.

चवीचाच प्रश्न निघाला आहे तर त्याचा एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू. मटण झाकण घालून शिजतं. जाळ भांड्याच्या बुडाशी असतो, धूर भांड्याच्या कडेनं वर येतो आणि तिथून सरळ मावशींच्या नाकात जातो. भांड्यात शिरायला त्याला वाट नसते. मटणाला चव येते ती मंद आचेनं, भाजलेल्या खोबऱ्यानं, पाट्यावर वाटलेल्या मसाल्यानं, आणि गिऱ्हाईक चार तास गाडीत उपाशी बसून आल्यामुळं. भाकरीचं म्हणाल तर तिला तव्यानंतर कोरडी, कडक धग लागते, म्हणजे ती टम्म फुगते. धग, धूर नव्हे. ती धग गॅसच्या ज्योतीवरही मिळते. भरताच्या वांग्याचा अपवाद मात्र न्यायाला धरून मान्य केला पाहिजे. वांगं उघडंच निखाऱ्यात घालतात, त्याला तो धुरकट वास लागतो आणि तो मलासुद्धा आवडतो. पण वर्षातून चारदा अंगणात वांगं भाजणं निराळं आणि रोज दोन्ही वेळा सोप्यात बसून स्वतःला भाजून घेणं निराळं. भरीत वांग्याचं करतात, बाईचं नव्हे.

आता धूर म्हणजे काय तेही पाहू. धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. पुरती हवा मिळाली, लाकूड वाळकं असलं आणि जाळ कडक असला तर लाकडाचं बरंचसं जळून जातं आणि वर जाते ती डोळ्यांना न दिसणारी गरम हवा. पण लाकूड ओलं असलं की निम्मा जाळ त्यातलं पाणी उडवण्यातच खर्ची पडतो, धग मंदावते आणि उरलेलं लाकूड न जळताच उठून चालायला लागतं. तो धूर. त्यात अॅक्रोलिन नावाची वाफ असते. मला लोकांनी मुलीचा बाप समजावं ही व्यवस्था मुख्यतः अशाच वाफांची. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि त्यात कण असतात. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. एवढ्या बारीक पाहुण्याला नाकातले केस अडवू शकत नाहीत. तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या खोलीत जाऊन मुक्काम ठोकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये या कणांची मर्यादा घालून दिली ती एका घनमीटर हवेत दिवसाची सरासरी 15 मायक्रोग्रॅम. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की तिथला आकडा शेकड्यांत जातो आणि पुष्कळदा हजाराच्या घरात. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1980 नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत गुजरातेतल्या खेड्यांत जाऊन बायकांच्या अंगावर यंत्रं अडकवून हा धूर मोजला होता. 2020 मध्ये वारेपर्यंत हा माणूस चुलीचा धूरच मोजत राहिला. स्वयंपाकघरातली लाकडाची चूल म्हणजे तासाला 400 सिगारेटी जाळण्यासारखं आहे, असा हिशेब त्याच्या नावावर सांगतात.

हा हिशेब वाचला तेव्हा मला आमची आत्या आठवली. आत्या लोहाऱ्याकडच्या एका गावात दिली होती. जुनं माळवदाचं घर. माळवदाला मधोमध एक सानं असे. त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा, असा वाटेचा करार होता. पण पावसाळ्यात सान्यावर झाकण पडे आणि धुराला आत्याशिवाय दुसरं कुणी उरत नसे. पावसानं भिजलेल्या पळाट्या, अर्धवट वाळलेल्या गवऱ्या, मांडीवर एक पोर आणि चुलीवर दहा माणसांची भाकरी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या पट्ट्यातली दगडमातीची माळवदं माणसांच्या अंगावर आली. आत्याचं घर वाचलं नाही, आत्या वाचली. पुढं सिमेंटच्या छताचं घर झालं. चूल तीच राहिली. सानं तेवढं गेलं.

साठीला आली तेव्हा आत्याला चार पावलं चाललं की धाप लागायला लागली. शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावली, फुंकायला लावलं आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "बिडी-सिगारेट किती वर्षांपासून?"

आत्या ताडकन उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "माजी सासू असती तर तुमाला ह्ये इचारायची हिंमत झाली नसती." घरी येईपर्यंत ती माझ्याशीही बोलली नाही, कारण दवाखान्यात मी नेली होती. रात्री मात्र हळूच म्हणाली, "आरं, बिडी वडणाऱ्या बापयांचा रोग मला कसा काय रं झाला?"

शेवटची दोन वर्षं आत्या आडवी होऊन झोपली नाही. भिंतीला टेकून, समोर उशी घेऊन, बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढाच. "धुरानं कधी माणूस मरतंय व्हय" म्हणणारे काका, तिचे सख्खे भाऊ, त्याच भिंतीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे असायचे. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

उत्तर मात्र दुसरीकडून आलं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या या दम्यासारख्या रोगावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. जगात विडी-सिगारेट ओढणारे शंभर कोटी, आणि लाकूड, शेणी, काडीकचऱ्याचा धूर खाणारे तीनशे कोटी. तेव्हा या रोगाचं जगातलं सगळ्यांत मोठं कारण सिगारेट नसून चूलच असण्याचा संभव आहे. घरातल्या धुराच्या प्रदूषणानं 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं गेली, त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक बाळं होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. काका, मरतंय. बत्तीस लाख मरतंय.

हे सारं आत्ता कळलं असंही नाही. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता तेव्हाची गोष्ट सांगतो. हैदराबादच्या सरकारी इंजिनियरिंग प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल तयार केली आणि 1953 मध्ये 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' नावाची पुस्तिका लिहिली. चूल मातीचीच, पण भांड्यांसाठी एकामागून एक भोकं आणि शेवटी धूर घराबाहेर नेणारं धुराडं. 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. धुराडं हैदराबादेतच राहिलं म्हणायचं. पुढं 1983 पासून केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, 2002 पर्यंत चालवला आणि देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या. चूल वाटणं सोपं. धुराडं दर महिन्याला झाडणं अवघड. कुठं ते काजळीनं बुजलं, कुठं त्यातून पाऊस आत आला, कुठं चूल फुटली आणि बाईनं परत तीन दगड मांडले. मग 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना निघाली. तिचा आठ कोटीवा गॅस 2019 च्या सप्टेंबरात आमच्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, दिला गेला. म्हणजे बिनधुराच्या पुस्तिकेपासून बिनधुराच्या शेगडीपर्यंत यायला आपल्याला साठ-पासष्ट वर्षं लागली. धूर याहून लवकर पोचतो.

इथं चूलभक्त मला अडवतील. म्हणतील, गॅस घरी असूनही बाया चूल पेटवतातच ना? पेटवतात. का पेटवतात ते त्यांना विचारा. आठ माणसांची आंघोळ गॅसवर तापवली तर टाकी महिन्याच्या मध्यावरच हात वर करते. शेतात पळाट्या आणि तुराट्या फुकट पडलेल्या असतात, आणि टाकीला मात्र रोख पैसे मोजावे लागतात; तेही एकदम, आणि पैशाची चावी बहुधा कमरेला नसते, खिशात असते. दावणीच्या गड्याच्या भाकरीला गॅस जाळायचा का, असं घरातला कर्ता पुरुष विचारतो, आणि मोबाईलचा रिचार्ज मारायला निघून जातो. ही चूल आवडीची नाही, नाइलाजाची आहे. नाइलाजाला पाटीवर चढवून त्याची संस्कृती करू नये, एवढंच माझं म्हणणं.

बाकीचे आक्षेपही किरकोळीत काढून टाकतो. एक : 'आमची आजी चुलीपुढं बसून नव्वद वर्षं जगली.' जगली असेल. नव्वद वर्षं जगलेली आजी सगळ्यांच्या लक्षात राहते. चाळिशीत खोकून गेलेल्या आजीबद्दल सांगायला तिचे नातू जन्मलेलेच नसतात, आणि भिंतीवर तिचा फोटोही नसतो. दोन : 'धुरानं डास पळतात.' खरं आहे. डासाला दार दिसतं, आणि तो दाराकडे निघाला की त्याला 'मग सैपाक कोण करणार?' असं कुणी विचारत नाही. तीन : 'गॅसवरच्या भाकरीनं पोटात गॅस होतो.' हे शास्त्र आमच्याकडे फार प्रगत आहे. त्या न्यायानं चुलीवरची भाकरी खाणाऱ्याच्या पोटात आतापर्यंत बाभळीचं बन उभं राहायला हवं होतं. चार : 'पूर्वी कुठं होते हे रोग?' पूर्वीही होते. फक्त नळीत फुंकायला लावणारा डॉक्टर नव्हता, म्हणून त्यांना 'वय झालं' असं म्हणत.

आणि चूल स्वयंपाकघरातच असते असं नाही. भूम-वाशीकडे जा, तिकडचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा नामांकित. एक किलो खव्याला चार-पाच लिटर दूध आटवावं लागतं. लाकडाच्या भट्टीवर ते आटताना कुणीतरी एकसारखं ढवळत उभं असतं. क्षणभर हात थांबला तर दूध करपतं. माणूस करपला तरी चालतं. पेढ्याच्या पुड्यावर त्याचा फोटो नसतो.

धूर परदेशातही काही कमी मानाचा नाही. साहेबाच्या दिवाणखान्यात भिंतीतली चूल असते आणि तिच्यापुढे पाय पसरून बसणं हे सुखवस्तूपणाचं लक्षण समजतात. तो धूर घरात उलटा येतो म्हणून बेंजामिन फ्रँकलिननं 1785 साली जहाजात बसून व्हिएन्नाच्या एका डॉक्टर मित्राला धुरकट धुराड्यांची कारणं आणि उपाय यांवर लांबलचक पत्र लिहिलं होतं. ज्या माणसानं विजेशी दोन हात केले तोही धुरापुढे पत्र लिहीत बसला. पण साहेब एका बाबतीत शहाणा. इंग्लंडात 2021 च्या मे महिन्यापासून घरात जाळायला ओलं सरपण किरकोळीत विकायला बंदी आहे. लाकडात पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या आत हवा. आमच्या आज्या मिरगाच्या आधी सरपण वाळवून आत घ्यायच्या आणि गवऱ्या रचून वरून शेणानं लिंपायच्या, त्या कुठल्याही कायद्याविना.

अमेरिकनांनी तर त्याहून नामी तोड काढली. 1966 च्या नाताळच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या एका टेलिव्हिजन केंद्रानं जळत्या लाकडांचं चित्र तीन तास दाखवलं. नुसती लाकडं, नुसता जाळ, सोबत संगीत. ज्यांच्या घरात भिंतीतली चूल नाही त्यांनी पडद्यापुढे बसून शेकावं. चित्रीकरणाच्या वेळी ठिणगी उडून एक मौल्यवान गालिचा जळाला म्हणतात. पण ते एकाच घरात आणि एकदाच. बाकी लाखो घरांत जाळ दिसला आणि धूर झाला नाही. माझी ढाबेवाल्यांना हीच सूचना आहे. बाजेसमोर एक मोठा पडदा लावा. त्यावर दिवसभर चूल पेटती ठेवा, तडतड आवाज काढा, हवं तर उदबत्तीएवढा धूर फक्त साडूंच्या टेबलाकडे सोडा. आत मावशींना शेगडी द्या. बिलात चुलीचे पैसे लावा, माझी हरकत नाही.

हे पटत नसेल तर निदान पाटी पूर्ण लिहा. 'चुलीवरचं मटण' एवढ्यावर थांबू नका. चुलीपुढे कोण बसलं आहे, सकाळपासून किती तास बसलं आहे, धुराडं आहे की नाही, आणि त्याबद्दल त्या माणसाला काय मिळतं, हेही त्याच रंगात लिहा. शेडाचे दोन पत्रे काढून वाऱ्याला वाट करा. वर धुराडं बसवा आणि ते झाडा. लाकूड वाळकं आणा. दोन तासांनी माणूस बदला. बदलीचा माणूस मालक असला तर उत्तम. ज्यांच्या घरी अजून चुलीशिवाय इलाज नाही त्यांनी चूल पडवीत घ्यावी, मांडीवर लेकरू घेऊन फुंकर घालू नये, आणि थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नये. निखाऱ्यांचा तो वायू वास न देता माणूस उचलतो. आणि ज्यांच्या खिशात टाकीचे पैसे आहेत त्यांनी ते रिचार्जच्या आधी टाकीला द्यावेत.

एवढं सांगूनही ज्यांना धुराची फारच ओढ लागलेली असेल, त्यांनी चूल अवश्य पेटवावी. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या फुंकणीनं, आषाढातल्या ओल्या बाभळीवर. पीठ स्वतः मळावं, डोळे स्वतः पुसावेत आणि बारा भाकऱ्या झाल्याशिवाय उठू नये. जमल्या तर मला निरोप धाडा. मी जेवायला येईन. फक्त वारा कुठून वाहतो ते बघून पान मांडा.